टेलिफोनपुढे पाणी ठेवणाऱ्या बाई

टेलिफोन वाजला की बाई आधी तांब्या भरून आणायच्या. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या, टेलिफोनखालच्या फळीवर तांब्या ठेवायच्या, त्यावर फुलपात्र पालथं घालायच्या, आणि एवढं सगळं झाल्यावर भोंगा कानाला लावून म्हणायच्या, "या, बसा." हॅलो हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पलीकडे रेंजरसाहेब असोत, डेपोतला मुनशी असो, नाहीतर केशतेलाचा एजंट असो, सगळ्यांना "या, बसा." बोलणं संपलं की ते पाणी दारच्या दुधीच्या वेलाला जायचं. मी एकदा हसलो तेव्हा म्हणाल्या, "त्यानं नाई पेलं ते त्याची गोष्ट हाये, बाबू. आपुन ठेवलं नाई असं नोको व्हायले."

हे दिवस नागपूर राजधानी असतानाचे. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली ही त्या जिल्ह्यातली एक तहसील होती. तिथूनही पुढे, पावसाळ्यात चार महिने जगाशी संबंध तुटणाऱ्या एका गावात, जंगल खात्याच्या रेंज कचेरीत मी कारकून म्हणून लागलो. वय बावीस. नागपुरात वाढलेला, इस्त्रीचे दोन शर्ट, आणि डोक्यात एवढी हवा की टोपी बसू नये. जेवणाची सोय नाक्यावर, नाकेदाराच्या घरी झाली. नाकेदार म्हणजे जंगलाचा गार्ड. हा गृहस्थ सकाळी फडक्यात भात बांधून जंगलात जायचा तो सूर्य कलल्यावर यायचा, आणि आला तरी बोलायचा नाही. त्याच्या वाट्याचं बोलणंही बाईंनीच उचललं होतं. मूलबाळ नव्हतं. घरात दोघं, अंगणात चार कोंबड्या आणि भिंतीवर टेलिफोन.

टेलिफोन खात्याचा. सागाच्या खांबांवरून एकच तार कचेरीपासून निघायची, ती लाकडाच्या डेपोत, तिथून साहेबांच्या बंगल्यावर, तिथून नाक्यावर, आणि तिथून जंगल तुडवत टेकडीवर. टेकडीवर पहाऱ्याची झोपडी होती. उन्हाळ्यात धूर दिसला की तिथून खबर यावी, ती नाक्यावर घ्यावी आणि माणसं धाडावीत, यासाठी ही सगळी तार. नाकेदार दिवसभर बाहेर, म्हणून खबर घेण्याचं काम आपोआप बाईंकडे आलं. दांडी फिरवायची, घंटी वाजायची. डेपोची एक लांब, नाक्याच्या दोन लांब, टेकडीच्या तीन आखूड. तार एकच असल्यामुळे कोणीही भोंगा उचलला की चाललेलं बोलणं त्याला ऐकू जायचं, आणि वाटलं तर मधे बोलताही यायचं. बाईंना अक्षरओळख नव्हती, पण दांडी फिरवण्याच्या ढंगावरून त्या माणूस ओळखायच्या. "मुनशी हाये. रागात हाये," असं घंटी ऐकूनच सांगायच्या आणि मुनशी खरंच रागात असायचा.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. घरात आवाज आला म्हणजे माणूस आला. मग त्याला पाणी द्यायचं, जेवण झालं का विचारायचं, घरचे कसे आहेत ते विचारायचं, आणि त्यानंतरच कामाचं बोलायचं. खुद्द रेंजरसाहेबांना त्या आधी त्यांच्या मुलीच्या खोकल्याबद्दल विचारायच्या. साहेब पहिल्यांदा चिडले, मग सवयीनं आधीच सांगू लागले. आणि सगळ्यात पक्का नियम असा की आलेल्या माणसानं स्वतः "येतो" म्हटल्याशिवाय त्याला उठवायचं नाही. घरातल्या पाहुण्याला आपण 'आता निघा' म्हणतो का? मग तारेवरच्याला कसं म्हणायचं? भोंगा आपण होऊन आधी ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी दार तोंडावर लावणं होतं.

हे एजंटांच्या कानावर गेलं आणि मग काय विचारता.

उन्हाळ्यात रस्ते मोकळे झाले की चांद्याहून मोटारीनं हे लोक यायचे. केशतेल, शक्तीचं औषध, बॅटऱ्या, शिवणयंत्र, विमा. पूर्वी दारोदार फिरायचे. पण आमच्या भागात घरं लांब लांब, वाटेत अस्वल, आणि ऊन असं की डांबर असतं तर वितळलं असतं. त्यातल्या एका हुशाराला शोध लागला की डेपोच्या मुनशीला तेलाची एक बाटली दिली तर डेपोतल्या खुर्चीवर बसून, पंख्यानं वारा घेत, साऱ्या तारेवर माल विकता येतो. मुनशीला टक्कल होतं, तरी तो बाटली घ्यायचा. हे एजंट डेपोतूनच बोलायचे, पण सुरुवात करताना घसा साफ करून, भारी आवाजात म्हणायचे, "नागपूर से बोल रहा हूँ." नागपूर म्हणजे सरकार. ऐकणारा उभाच राहायचा. रेंजरसाहेबांनी एकदा उभं राहून शक्तीच्या औषधाची सगळी माहिती ऐकून घेतली होती, शेवटी कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी मुनशीला दम दिला, चार दिवस बंद पडलं, पुन्हा सुरू झालं.

बाकीचे सगळे शिव्या घालून भोंगा ठेवायचे. बाई ठेवायच्या नाहीत. त्यामुळे सगळ्यांचा मोर्चा बाईंकडे. विकत त्यांनी कधी काही घेतलं नाही, ही खरी मौज. केशतेलवाल्याला त्यांनी टोरीचं तेल कसं काढायचं ते सांगितलं, मोहाची बी कधी वेचायची इथपासून. बॅटरीवाल्याची आई आजारी आहे हे काढून घेतलं आणि त्याला मालाचं एक अक्षर बोलू न देता घरी परत जायला लावलं. तो खरंच गेला म्हणे.

विम्याच्या एजंटची गोष्ट मी समोर बसून ऐकली आहे. मी जेवत होतो. एजंटनं विचारलं असावं की तुमच्या नवऱ्याचं बरंवाईट झालं तर तुमचं काय होईल. बाईंचा चेहरा लाल झाला.

"कोनाच्या घरी येऊन असं बोलते का गा कोनी? मायनं शिकोलं नाई का तुले? जा, पाय धुवून ये पयले. पाय धू, तोंड धू, अन मंग बोल."

मला वाटलं, ठेवतात आता भोंगा. पण नाही. भोंगा कानाला लावून त्या तशाच उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "धुतले?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "हं, आता सांग. लगन झालं का तुहं?" पुढे अर्धा तास त्याचं लग्न ठरवणं चाललं होतं. मुनशीनं नंतर शपथेवर सांगितलं की तो माणूस खरोखर उठून रांजणापाशी गेला आणि पाय धुऊन आला होता.

मी त्यांना शहाणपण शिकवायला गेलो. "बाई, हे लोक नागपूरहून बोलत नाहीत. डेपोत बसलेत. तुम्हाला लुबाडायला बोलतात. ठेवून द्यायचा सरळ."

"मालूम हाये मले डेपोतून बोलते म्हनून. मांगं लाकूड कापाच्या आऱ्याचा आवाज येते ना."

"मग?"

"मंग काय? डेपोतला मानूस मानूस नाई का?"

यावर नाकेदार, जो महिन्यातून एखादं वाक्य बोलायचा, तो ताटावरून म्हणाला, "इचं बोलनं व्हायेपर्यंत मी जंगलातले दोन कूप फिरून येतो." आणि खरंच काठी घेऊन निघाला. बाई हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि हसताना त्या तोंडावर हात घ्यायच्या.

आता माझ्या घरी दिवसातून पाच-सहा वेळा असे फोन येतात. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, नव्वदीकडे झुकलेल्या माणसाला म्हणे आयुष्यभराचं सभासदत्व घ्या. सूनबाई म्हणते, बाबा, कट करा हो, त्यांच्याशी काय बोलता. तिचं बरोबर आहे. मी कट करतो. पण कट केल्यावर मी फोन हातात धरून तसाच बसून राहतो. घरातल्यांना वाटतं वयामुळे होतं.

टेकडीवरच्या माणसाबद्दल सांगायला हवं. तो गोंड होता, टेकडीपलीकडच्या जंगलातल्या गावचा. वय चाळिशीचं. उन्हाळ्याचे चार महिने त्या झोपडीत एकटा राहायचा आणि चारी दिशांना धूर बघायचा. बाई त्याला भाऊ म्हणायच्या. ऊन उतरलं की तीन-चारच्या सुमाराला तो टेकडीवरून दांडी फिरवायचा, हलक्या हातानं, जणू घंटीला लागेल. त्याच्यासाठीसुद्धा तांब्या भरला जायचा.

"जोहार, बाई."

"या भाऊ, बसा. जेवले?"

मग तो वरून काय काय दिसलं ते सांगायचा. मोहाखाली अस्वल आलं होतं. नाल्याकाठी सांबर व्यालं. तुमच्या घराकडे धूळ उडून राह्यली, कोनाची तरी बंडी येऊन राह्यली. अर्ध्या तासानं ती बैलगाडी खरंच दारात यायची. बाई त्याला आज काय रांधलं ते सांगायच्या. वर त्याच्याकडे कण्या आणि मीठ, एवढंच असायचं. म्हणून त्या चव लावून सांगायच्या, मासे असले तर कोणते, कसे तळले, सगळं. दोघंही त्यात रमून जायची. मला हा सगळा चक्रमपणा वाटायचा.

हा माणूस कधी कधी मधेच तारेवर यायचा. भोंगा उचलल्यावर कोणी बोलताना ऐकू आलं की त्याला आनंद व्हायचा आणि तोही बोलायला लागायचा. एकदा चांद्याचे मोठे साहेब दौऱ्यावर बंगल्यात उतरले होते. ते तारेवरून आमच्या रेंजरसाहेबांना कामाचं काही विचारत होते, आणि त्या बोलण्याच्या मधेच टेकडीवरून आवाज आला, "साहेब, इथी वरते मोर नाचून राह्यला." मोठे साहेब म्हणाले, "हा कोण गाढव आहे?" रेंजरसाहेबांनी ते माझ्यावर काढलं. तारेची शिस्त बघणं माझ्याकडे होतं ना.

मी तसाच तावातावानं टेकडी चढलो. भर दुपारी, घामानं भिजलेला, शर्टाची इस्त्री गेलेली. त्यानं मला झोपडीच्या सावलीत बसवलं आणि द्रोणात मध आणून दिला. तो मी घेतला नाही. उभ्या उभ्या सुनावलं. साहेब बोलत असतील तेव्हा भोंगा उचलायचा नाही, उचललाच तर तोंड उघडायचं नाही. लाइन मोकळी झाली की मगच दांडी फिरवायची. समजलं?

तो मान हलवत होता. मग त्यानं विचारलं, "अन इस्तो लागला त?"

इस्तो म्हणजे आग. त्याच्या नोकरीचं जे एकमेव काम, त्याबद्दल त्यानं विचारलं होतं. आणि मी, बावीस वर्षांचा शहाणा, म्हणालो, "तरी आधी साहेब. आग काय पाच मिनिटांत पळून जाते?"

त्यानं ते माझ्यासमोर दोनदा घोकलं. नागपूरचे साहेब, चांद्याचे साहेब बोलत असले की गप राहायचं. इस्तो लागला तरी. मी समाधानानं खाली उतरलो. ही गोष्ट मी कचेरीत कोणाला सांगितली नाही, सांगण्यासारखी वाटलीही नाही.

त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी, चैत्रातल्या एका दुपारी, मी नाक्यावर जेवायला बसलो होतो. मोहफुलं वेचणारे लोक झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. त्यामुळे त्या दिवसांत कुठे ना कुठे धूर असायचाच. दोन लांब घंट्या झाल्या. बाईंनी तांब्या ठेवला, "या, बसा" झालं. त्या दिवशी शिवणयंत्रवाला होता. त्याचा आवाज एवढा दणदणीत की मला पानावरून ऐकू येत होता. "नागपूर से" झालं आणि मग त्यानं यंत्राचा एकेक भाग वर्णन करायला घेतला. बाई हुंकार देत होत्या. मधेच त्यांनी भोंगा किंचित दूर धरला आणि मला म्हणाल्या, "कोनी तरी उचललं. भाऊ असन. खट्ट झालं."

मग एजंटला म्हणाल्या, "बापू, तुह्या मांगं आनखी कोनी उभं हाये."

"बस, माँजी, दो मिनट. नागपूर से बोल रहा हूँ."

पलीकडे कोणी काही बोललं नाही. पुन्हा खट्ट झालं. भोंगा ठेवला गेला. एजंट पायडलवर आला. थोड्या वेळानं परत खट्ट. बाई म्हणाल्या, "भाऊच हाये. श्वास ओळखू येते. लय दम लागला त्याले, उन्हातून आला असन." त्या चुळबुळत होत्या. एका पाहुण्याला दारात उभं करून दुसऱ्याचं ऐकत बसणं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण बसलेल्याला ऊठ कसं म्हणायचं? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सुचवू शकलो असतो. हात पुढे करून भोंगा घेऊ शकलो असतो. मी काय केलं सांगू? मला बरं वाटलं. माणूस शिकला, असं मनात आलं. मधे बोलला नाही, गप्प राहिला, भोंगा ठेवला. मी वरण मागितलं.

तो तिसऱ्यांदा तारेवर आला आणि खट्ट झालं, ते शेवटचं. त्यानंतर एजंट आणखी बराच वेळ बोलत होता. शेवटी तो "नमस्ते" म्हणाला, बाईंनी त्याला सुखरूप जा म्हणून सांगितलं आणि लगेच दांडी धरून तीन आखूड घंट्या दिल्या. परत दिल्या. परत दिल्या. मग मला जळक्या पानांचा वास आला आणि आम्ही दोघं अंगणात धावलो. टेकडी दिसत नव्हती. टेकडीच्या जागी नुसता धूर होता.

माणसं गोळा करून आम्ही पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. खालच्या नाल्यातून वणवा निघाला होता आणि वारा फिरला होता. धूर दिसल्यावर तो पळाला असता तर वाचला असता. पलीकडच्या अंगाला खडक होता, उतरायला वेळ लागला नसता. पण खबर दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हेही खात्यानंच शिकवलं होतं. आणि खबर द्यायला तार मोकळी नव्हती. तो झोपडीपासून थोडा खाली, खडकाच्या वाटेवर सापडला. नाकेदारानं अंगावरचं उपरणं काढून त्याच्यावर टाकलं. त्या माणसाला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

चौकशीला चांद्याहून साहेब आले. कचेरीच्या पडवीत टेबल मांडलं. जबान्या मी लिहून घेत होतो, कारण अक्षर माझं चांगलं होतं. बाई खांबाशी उभ्या होत्या. साहेबांनी विचारलं, त्या वेळी लाइनवर कोण होतं?

"मीच होती, साहेब. तो बेपारी बोलत होता अन मी आयकत होती."

"टेकडीवरचा माणूस लाइनवर आला हे तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं. तीन डाव आला."

"मग तुम्ही फोन का ठेवला नाही?"

बाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाल्या, "तो बेपारी 'येतो' नाई म्हनला." साहेबांना अर्थातच काही कळलं नाही. त्यांनी मला विचारलं, आणि मी लिहिलं: 'अनावश्यक संभाषणात गुंतून राहिल्या.'

मग साहेबांनी एक अगदी योग्य प्रश्न विचारला. लाइन तर सगळ्यांना मिळून एक. तो माणूस मधे बोलला का नाही? आग लागलीय, एवढे दोन शब्द. त्याला कोणी तसं बोलू नको म्हणून सांगितलं होतं का? असा काही हुकूम होता कचेरीचा? हे विचारताना ते माझ्याकडे बघत होते, कारण तारेचे हुकूम माझ्याकडे असायचे.

मी म्हणालो, "नाही, साहेब."

दौत माझ्यापुढे होती. मी टाक बुडवला आणि ते वाक्यही लिहिलं. असा कोणताही हुकूम नव्हता. मग बाईंचा अंगठा घेतला. शाई जास्त लागली होती, ती त्यांनी पदराला पुसली.

टेलिफोन नाक्यावरून काढून कचेरीत नेला. नाकेदाराची बदली सिरोंच्याकडे, अशा जागी केली की जिथे कोणी राजीखुशीनं जात नसे. शिवणयंत्रवाला त्याच दिवशीच्या मोटारीनं निघून गेला होता. आपण काय केलं हे त्याला कधी कळलं असेल असं वाटत नाही. बंडीत सामान भरताना बाई मला म्हणाल्या, "बाबू, जेवनाचं कसं करशीन आता?" मी म्हटलं, बघू. त्या दिवसांत त्या माझ्याशी बोलत होत्या, पण नजर दुसरीकडेच असायची. मला वाटायचं, यांना कळलंय. मग वाटायचं, कसं कळेल? बाईंना एवढंच वाटत होतं की आपण एक माणूस दारात उभा ठेवला आणि तो मेला.

माझीही बदली झाली, नागभीडला. रेल्वेचं गाव, माणसांची वर्दळ, काम पुष्कळ. लग्न झालं. पण दुपारी जेवताना पाठीमागे कुठे खट्ट असा आवाज झाला की माझा घास तोंडातच राहायचा. बायकोला मी ते कधी सांगितलं नाही. तीन वर्षांनी कळलं की नाकेदार नोकरी सोडून गोंडपिपरीकडच्या आपल्या गावी परतलाय, थोडी धानाची शेती आहे, ती करतो. मी मनाशी ठरवलं की जायचं आणि सांगून टाकायचं. बाईंनी थोबाडीत मारली तरी चालेल, पण त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं. मोटारीत बसल्यापासून मी वाक्यं जुळवत होतो.

घर सापडलं. नाकेदार बांधावर गेला होता. बाई वाळल्या होत्या, आणखी दात गेले होते. मला बघून त्यांना जो आनंद झाला तो मला सोसवेना. घरात दुसरी एक बाई होती, सावळी, हातावर गोंदण, चुलीपुढे बसलेली. बाई म्हणाल्या, "हे भाऊची घरवाली. वयनी. तिकडं एकली होती, मी म्हनलं इथीच राहा." टेकडीवरच्या माणसाची बायको. त्यांनी तिला आपल्या घरी आणलं होतं आणि तीन वर्षं ती दोघं तिला सांभाळत होती, किंवा ती त्यांना.

मला ताट वाढलं. बाई तिला कौतुकानं सांगू लागल्या, "वयनी, हे आपले कचेरीतले बाबू. माह्याच हातचं जेवत."

ती एकदम वळली. "तुमीच का ते बाबू? तो तुमचं सांगे."

"काय सांगे वो?" बाईंनीच विचारलं.

"महिन्याचं धान न्याले घरी आला होता तवा सांगत होता. म्हने, बाबू एवढी टेकडी चढून आले मले रीत शिकवाले. नागपूरचा साहेब बोलत असला का आपुन गप राहाचं. इस्तो लागला तरी गप राहाचं." तिच्या बोलण्यात अभिमान होता. आपल्या माणसाला कचेरीनं काही शिकवण्यालायक समजलं, याचा.

बाईंच्या हातातला भाताचा पळा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर उचलली नाही, पण त्या बघतायत हे मला कळत होतं. जे सांगायला मी आलो होतो ते सांगून झालं होतं. मला आता फक्त 'हो' म्हणायचं होतं. तोंडात घास होता, तो गिळायचा आणि म्हणायचं, हो, मीच. मी घास गिळला.

बाई तिच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तो सगळ्याइचंच आयके, वयनी. बाबूचा काय दोष? चूक माहीच होती. मीच त्या बेपाऱ्याले उठवलं नाई."

ती मान हलवून पुन्हा चुलीकडे बघू लागली. चौकशीच्या वेळी बाईंना काही माहीत नव्हतं. आता माहीत होतं. त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि मी तो खाल्ला.